रॅलीला परवानगी देतात, मग लोक मार खातात तेव्हा पोलीस कुठे बघत असतात?

तलावपाळी_कट्टा (धागाकर्ता):
मंडळी नमस्कार. २६ नोव्हेंबर जवळ आलाय, आमच्या ग्रुपची संविधान दिनाची फेरी, दरवर्षीसारखीच, ठाण्यात कोर्टनाका ते तलावपाळी. घोषणाबाजी नाही, लाउडस्पीकर नाही, हातात फलक आणि शेवटी उद्देशिकेचं वाचन, बस एवढंच. अर्ज टाकला, चकरा मारल्या, परवानगी आली आणि परवानगीला चिकटून नोटीसही आली. ज्यांनी कधी काही आयोजित केलंय त्यांना ही नोटीस पाठ असेल, आधी सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १४९ ची यायची, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएस कलम १६८ ची येते, मजकूर तोच. अनुचित प्रकार घडल्यास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल, सदरची नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल, याची नोंद घ्यावी. खाली सही करा, मोबाइल नंबर टाका.

आता गेल्या वर्षी काय झालं ते ऐका म्हणजे मी का भडकलोय ते कळेल. जांभळी नाक्याच्या अलीकडे बाइकवरून पोरं आली, गळ्यात उपरणी, थेट फेरीत गाड्या घातल्या, फलक ओढून फाडले, एका काकांचा चष्मा खाली पडला तो मुद्दाम बुटाखाली घेतला. बंदोबस्ताला शिपाई होते की, नव्हते असं नाही. पण ते आमच्याकडे तोंड करून उभे होते आणि बाइक त्यांच्या पाठीमागून आल्या. वळून बघितलं त्यांनी, आणि मग आम्हालाच म्हणाले, चला चला, आवरा लवकर, कशाला वाढवता. पोरं आरामात यू टर्न मारून गेली. स्टेशनला गेलो तर एनसी. अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करणार नाहीत. व्हिडिओ दाखवला, त्यात गाडीचा नंबर स्पष्ट दिसतोय, तरी एनसी. वर सल्ला की पुढच्या वर्षी हॉल घेऊन करा ना कार्यक्रम.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतोय, आणि जगात कुठेही बघा, स्टोरी तीच. म्हणून धागा काढला. अनुभव असतील तर लिहा, पक्षांची भांडणं नकोत.

सीवूड्सकर:
भाऊ, परफेक्ट टायमिंग. माझी भाची जॉर्जियात तिबिलिसीला एमबीबीएसला आहे (आपल्याकडची बरीच पोरं आहेत तिकडे), तिच्यामुळे मी तिथल्या बातम्या बघतो. तिथे समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी मोर्चा निघायचा आणि दर वेळी कट्टर उजवे आणि चर्चवाले येऊन फोडायचे. २०१२ ला मोर्चा होता जेमतेम तीसेक जणांचा, त्यांना मारलं, आणि पोलिसांनी काय केलं तर मोर्चातल्याच काहींना उचललं. २०१३ ला हजारोंचा जमाव, पुढे पाद्री, पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना मिनीबसमध्ये कोंबून पळवलं, जमाव त्या बसच्या काचा फोडत होता. ५ जुलै २०२१ ला तर सकाळीच तिथले पंतप्रधान बोलले की असा मोर्चा काढणं योग्य नाही. झालं, जमावाला काय समजायचं ते समजलं. आयोजकांच्या ऑफिसात घुसले, पन्नासवर पत्रकारांना झोडपलं, लेक्सो लाशकारावा नावाचा कॅमेरामन बेदम मार खाऊन घरी गेला आणि थोड्याच दिवसांत घरात मेलेला सापडला. मोर्चा रद्द. २०२३ ला मोर्चाही नव्हता, खासगी जागेत कार्यक्रम होता, तिथेही दोनेक हजार लोक घुसून स्टेज मोडलं, पोलिसांनी आयोजकांना बाहेर काढलं आणि कार्यक्रम संपला. तेव्हा तुमचा तो हॉल घ्या वाला सल्ला किती कामाचा ते बघा.

रोखठोक_राव:
आले, पोलिसांच्या नावाने खडे फोडणारे आले. बारा बारा तास ड्युटी, घरी पोरांचं तोंड दिसत नाही, आणि तुमच्या फलकासाठी त्यांनी डोकी फोडून घ्यायची? एवढाच कळवळा आहे तर ११ ऑगस्ट २०१२ चं आझाद मैदान आठवा. तिथेही परवानगी घेतलेलीच सभा होती, पोलिसांच्या गाड्या जाळल्या, महिला पोलिसांवर हात टाकला, तेव्हा कुठे होता हा पुळका? आणि वर्किंग डेला स्टेशन रोड अडवायची हौस कशाला, आधीच ठाण्यात श्वास घ्यायला जागा नाही.

तलावपाळी_कट्टा:
राव, आझाद मैदानात रॅलीतलेच लोक पोलिसांवर तुटून पडले होते, त्याचा निषेधच आहे. इथे विषय रॅलीवर बाहेरून येऊन हल्ला करणाऱ्यांचा आहे. पण बरं झालं काढलंत, कारण त्या वेळी दोन आठवड्यांच्या आत मुंबईच्या पोलीस आयुक्तांची बदली झाली होती. म्हणजे बंदोबस्त फसला तर वरपर्यंत जाब विचारता येतो, नियम आहे, रीत आहे. आमचा चष्मा फुटला त्याचा जाब कुणाला? आणि श्वास घ्यायला जागा नाही म्हणता, दहीहंडीला किती वेळ बंद असतो हो तो रस्ता?

ऐरोलीची_ताई:
+१ दहीहंडीसाठी 😄

मी भीमा कोरेगावबद्दल लिहिते. १ जानेवारी २०१८, लढाईला दोनशे वर्षं म्हणून नेहमीपेक्षा खूप गर्दी होणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आम्ही ऐरोलीहून दोन गाड्या करून गेलो होतो, सासूबाई, नणंद, लहान पोरं, डबे, सतरंजी, जत्रेला जातो तसं. आधीचे दोन दिवस शेजारच्या वढू बुद्रुकला फलकावरून वातावरण तापलेलं होतं, त्याची तक्रार झालेली होती, म्हणजे पोलिसांना पत्ताच नव्हता असं कुणी सांगू नये. आम्ही स्तंभाला पोचायच्या आधीच रस्त्यावर दगड सुरू. भगवे झेंडे घेतलेले घोळके, गाड्या जळतायत, धूर. पोरांना सीटच्या खाली बसवलं आणि काचांना सतरंजी लावली. एक पोलीस दिसला त्याला विचारलं दादा कुठून जाऊ, तर तो म्हणतो मलाच काही समजत नाहीये ताई, तुम्ही मागे फिरा. मला त्याचा राग नाही आला, खरंच नाही, तो एकटा होता बिचारा. एवढ्या गर्दीत त्याला एकट्याला कुणी उभं केलं, राग त्याचा आहे.

पुढचं ऐका. २०१९ ला घरचे नको म्हणत असताना मी परत गेले. तीच तारीख, तोच रस्ता. जागोजागी पोलीस, ड्रोन, सीसीटीव्ही, पार्किंगपासून वेगळ्या बस, ज्यांच्यावर संशय होता त्यांना त्या दिवसांत तिकडे यायला बंदी. लाखो लोक आले, अभिवादन करून घरी गेले. तेव्हापासून दरवर्षी तसंच होतंय. मग जमतं ना! २०१९ ला जे जमलं ते २०१८ ला का नाही जमलं, एवढंच मला विचारायचंय. चौकशीसाठी न्या. जे. एन. पटेल आयोग फेब्रुवारी २०१८ मध्ये नेमला, त्याला किती मुदतवाढी मिळाल्या ते मोजायचंच सोडून दिलं आम्ही.

रोखठोक_राव:
ताई, त्या दिवशी सणसवाडीत जो मुलगा मेला तो तुमच्या अभिवादनाला आलेला नव्हता, तिथेच राहणारा होता. ते पण लिहा की.

ऐरोलीची_ताई:
लिहिते ना, का नाही लिहिणार. त्याच्याही घरी आई होती. बंदोबस्त नीट असता तर तोही आज असता. ही गोष्ट माझ्या बाजूने जाते की तुमच्या, तुम्हीच ठरवा.

निवृत्त_खाकी:
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नोकरी ठाण्यात आणि रायगडात झाली, बंदोबस्तातच केस पांढरे झाले. दोन्हीकडची वाफ निघून झाली असेल तर आतलं थोडं सांगतो.

मोर्चाचा अर्ज आला की गोपनीय शाखेचा माणूस जाऊन अंदाज घेतो, किती येणार, कोण येणार, विरोध कुणाचा. त्याचा रिपोर्ट पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांकडे, त्यावरून बंदोबस्त स्कीम बनते. कोणता पॉइंट, किती अंमलदार, स्ट्रायकिंग (राखीव तुकडी) कुठे, व्हॅन कुठे, आरसीपी (दंगल नियंत्रण पथक) किंवा एसआरपी (राज्य राखीव दल) मागवायची का. आता रिपोर्टमध्ये मोर्चा "डाव्या विचारांचा" किंवा "सरकारविरोधी" असा आला की ब्रीफिंगचा सूर तिथेच ठरतो. धोका म्हणजे मोर्चा. मग माणसं मोर्चाच्या भोवती लागतात, तोंड आत. बाहेरून कुणी येईल याचा विचार स्कीममध्येच नसतो, त्यामुळे धागाकर्ते म्हणतात ते चित्र दिसतं. शिपायाला तिथे उभं राहून स्वतःच्या डोक्याने तोंड फिरवायचं नसतं, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट, जी कुणी बोलत नाही. समजा मी त्या बाइकवाल्या पोरांतल्या एकाला धरलं आणि दोन लाठ्या ठेवल्या. अर्ध्या तासात स्टेशनला शे-दीडशे पोरं, मग नगरसेवक, मग त्याच्याही वरचा फोन, आणि संध्याकाळी मी कंट्रोलला जमा, म्हणजे शिक्षा म्हणून नियंत्रण कक्षात. तेच मी तुमच्या फेरीला दमदाटी करून लवकर संपवली तर? काही नाही. स्टेशन डायरीला नोंद, कार्यक्रम शांततेत पार पडला. मार खाणाऱ्याच्या मागे कोणी येत नाही आणि मार देणाऱ्याच्या मागे गाव येतं. शिपाई हे नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकतो, त्याला कुणी आदेश द्यावा लागत नाही.

सीवूड्सकर:
काका, दंडवत. हे सगळं मोठ्या अधिकाऱ्यांनी टीव्हीवर बोललं पाहिजे.

यावरून ३० जानेवारी २०२० चा फोटो आठवला. दिल्लीत जामियाहून राजघाटाकडे मोर्चा निघाला होता, गांधीजींची पुण्यतिथी, आणि एक पोरगा पिस्तूल नाचवत रस्त्याच्या मधोमध. त्याच्या मागे पोलिसांची अख्खी रांग, काहींच्या हाताची घडी. त्याने गोळी मारली, एका विद्यार्थ्याच्या हाताला लागली, मग धरला. त्याआधी ५ जानेवारीला जेएनयूत तोंड बांधलेले लोक रॉड घेऊन हॉस्टेलमध्ये घुसले, विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षा आयशी घोष हिचं डोकं फुटलं, आणि पोलीस गेटवर.

घणसोली_गुरुजी:
आपल्याच राज्यातलं राहिलं की. ९ फेब्रुवारी २०२४, पुण्यात निर्भय बनो सभेला निघालेल्या निखिल वागळे, असीम सरोदे, विश्वंभर चौधरी यांच्या गाडीवर भर रस्त्यात हल्ला, काचा फोडल्या, शाई, अंडी. विरोध होणार हे आदल्या दिवसापासून जाहीर होतं. भाजपच्या कार्यकर्त्यांवर गुन्हे दाखल झाले, पण वागळेंवरही त्यांच्या एका पोस्टवरून गुन्हा होताच. सभा मात्र झाली, लोक उठून गेले नाहीत, हे विशेष.

अमेरिकेचं शार्लट्सव्हिल मी दहावीच्या पोरांना सांगतो. १२ ऑगस्ट २०१७. गोऱ्या वर्चस्ववाद्यांची सभा, त्यांना विरोध करायला आलेले लोक, आणि पोलीस बॅरिकेडच्या पलीकडे उभे राहून मारामारी बघतायत. मग जमावबंदी जाहीर करून सगळ्यांना एकदम रस्त्यावर ढकललं. दुपारी विरोधकांचा घोळका एका गल्लीतून चालला होता, त्यात एकाने गाडी घातली. हेदर हायर ही ३२ वर्षांची मुलगी गेली, कित्येक जखमी. शहराने टिमोथी हीफी नावाच्या माजी सरकारी वकिलाला चौकशी दिली, डिसेंबर २०१७ ला रिपोर्ट आला, त्यात पोलिसांची सालं काढली आहेत. शहर पोलीस आणि राज्य पोलीस यांचे वायरलेस वेगवेगळ्या चॅनलवर, एकमेकांशी बोलताच येईना. हेल्मेट-ढाली दुसरीकडे ठेवलेल्या, घालायला मागे जावं लागलं. आणि ज्या नाक्यावरून ती गाडी आत शिरली तिथे एकच पोलीस बाई, एरवी शाळेत ड्युटी करणारी. तिने घाबरून मदत मागितली तर तिला काढून घेतलं, बदली कोणी दिलं नाही. रस्त्याला आडवं राहिलं फक्त लाकडाचं एक स्टँड.

निवृत्त_खाकी:
गुरुजी, हे लाकडी स्टँडचं वाचून पोटात खड्डा पडला. पॉइंट सुटला आणि रिलीव्हर आला नाही, हे आमच्याकडे रोज होतं. फक्त रोज गाडी येत नाही. पण मला सांगा, त्या रिपोर्टनंतर कुणाचं काय झालं?

घणसोली_गुरुजी:
रिपोर्ट आल्यावर त्याच महिन्यात पोलीस प्रमुखाने खुर्ची सोडली. गाडीवाल्याला जन्मठेप. जखमींनी दिवाणी दावा लावला, नोव्हेंबर २०२१ ला ज्युरीने आयोजक उजव्यांवर अडीच कोटी डॉलरच्या वर भरपाई बसवली.

त्याच देशात १९७९ ला ग्रीन्सबरोला मात्र उलट. ३ नोव्हेंबर, कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या विरोधात मोर्चा, क्लान आणि नाझी गाड्यांतून आले, डिकीतून बंदुका काढल्या आणि पाच माणसं मारली. जागेवर पोलीस नाहीत. आणि पोलिसांचा स्वतःचा खबऱ्या क्लानच्या आत होता, मोर्चाच्या परवानगीची कॉपी त्याला पोलिसांकडूनच मिळालेली, रूटसकट! मारेकरी फौजदारी कोर्टात सुटले. पुढे १९८५ ला दिवाणी कोर्टाने पाचपैकी एका मृत्यूसाठी मारेकरी आणि पोलीस दोघांना मिळून जबाबदार धरलं, आणि शहराने ठराव करून माफी मागितली ती २०२० ला. एक्केचाळीस वर्षांनी. ताई, तुमचा आयोग त्या मानाने तरुण आहे अजून.

ऐरोलीची_ताई:
गुरुजी 🙏 हसू का रडू.

कोर्टनाका_वकील:
उशिरा आलो, कायद्याचं सांगतो कारण वर सगळे नोटिशीला घाबरून बसलेत. कुणीतरी कलम १६८ उघडून वाचा हो. त्यात आयोजक कुठे आलाय? दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस अधिकाऱ्याने मध्ये पडावं आणि आपल्या कुवतीप्रमाणे तो रोखावाच, असं ते कलम सांगतं. जुनं १४९ पण शब्दशः हेच. म्हणजे कर्तव्य पोलिसाच्या डोक्यावर टाकणारं कलम आणि त्याच कलमाचा कागद करून जबाबदारी टाकतात तुमच्या डोक्यावर. मी प्रत्येक अशिलाला सांगतो, सही करा, कारण वाद घालून परवानगी लटकते, पण उलट टपाली लेखी उत्तर द्या.

आणि १७० (जुनं १५१) हे पण विसरू नका. कुणी दखलपात्र गुन्हा करायच्या बेतात आहे असं कळलं आणि दुसऱ्या मार्गाने थांबवता येत नसेल तर आधीच ताब्यात घेता येतं. मोर्चेकऱ्यांना मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री घरातून उचलतात ते याच कलमाखाली, तेव्हा वापरता येत नाही म्हणून सांगू नये. फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत सकल हिंदू समाजाची सभा होती त्या वेळी सुप्रीम कोर्टानेच सांगितलं होतं की द्वेषाची भाषणं होणार नाहीत हे बघा, शूटिंग करा, वेळ पडली तर १५१ वापरा.

सीवूड्सकर यांनी जॉर्जिया काढलं म्हणून सांगतो, २०१२ च्या मोर्चावाले युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेले आणि २०१५ ला जिंकले. २०१३ च्या प्रकरणाचा निकाल डिसेंबर २०२१ ला आला, त्यात तर हल्लेखोरांना पोलिसांची फूस होती इथपर्यंत कोर्ट गेलं. मुळातलं तत्त्व १९८८ चं आहे, ऑस्ट्रियाची केस, आणि रोखठोक रावांना आवडेल, कारण ती गर्भपाताला विरोध करणाऱ्या डॉक्टरांची होती. कोर्टाने म्हटलं, निदर्शनं करणाऱ्याला विरोधकांच्या मारहाणीची भीती न बाळगता निदर्शनं करता आली पाहिजेत, आणि त्यासाठी पावलं उचलणं सरकारचं काम. मात्र काहीही होणार नाही अशी गॅरंटी पोलिसांकडून मागता येत नाही, वाजवी तयारी केली होती का एवढंच बघतात. त्या केसमध्ये पोलिसांनी दोघांच्या मधे रांग केली होती, म्हणून डॉक्टर हरले.

तलावपाळी_कट्टा:
वकीलसाहेब, उत्तरात नेमकं काय लिहायचं?

कोर्टनाका_वकील:
लांबण लावू नका, एक पान. गेल्या वर्षीच्या हल्ल्याची तारीख, जागा, एनसी नंबर. गाडीचा नंबर आणि व्हिडिओची पेनड्राइव्ह सोबत. मग स्पष्ट मागण्या: त्या गाडीच्या मालकाला आणि साथीदारांना १६८ ची नोटीस द्यावी, जांभळी नाक्यावर फेरी जाईपर्यंत अधिकारी दर्जाचा माणूस असावा, पोलिसांनी स्वतः शूटिंग करावं. शेवटी एक वाक्य, या अर्जाची दखल न घेतल्यास घडणाऱ्या प्रकारास आयोजक जबाबदार नसतील. एक प्रत डीसीपींना, एक आयुक्तालयाला. बस.

निवृत्त_खाकी:
आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. ठाणे अंमलदार म्हणेल ठेवून जा, साहेब आले की देतो, तसं ठेवून यायचं नाही. शिक्का, तारीख, सही. कागदावर नोंद पडली की पीआयला स्कीममध्ये घ्यावंच लागतं, कारण उद्या काही झालं तर तो कागद आधी त्याला खाणार. आणि फेरीच्या दिवशी तुमची चार जाणती माणसं मागे ठेवा, पुढे फोटोला सगळेच असतात, मार नेहमी शेपटीला बसतो.

रोखठोक_राव:
माझं मत बदललेलं नाही, रस्त्यावर येण्याने काही होत नाही. पण चष्मा फोडणं चूक, ते मी पण म्हणतो. त्या गाडीच्या नंबरवर एफआयआर व्हायलाच हवा होता, एनसी कसली. वकीलसाहेब, एनसीचं एफआयआर करून घेता येतं का आता?

कोर्टनाका_वकील:
येतं. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने अदखलपात्राचाही तपास करता येतो, आणि इथे तर जमाव करून इजा आणि नुकसान आहे, मुळात दखलपात्रच धरायला हवं होतं. काकांची मेडिकल केली होती का?

तलावपाळी_कट्टा:
नाही केली. काका म्हणाले खरचटलंय फक्त, कशाला. या वेळी फर्स्ट एडवाली एक डॉक्टर मैत्रीण बरोबर असेल.

अपडेट. काल उत्तर देऊन आलो, पोच मिळाली, दीड तास बसावं लागलं. आज सकाळी गोपनीयवाल्यांचा फोन, किती लोक येणार तुमचे? मी म्हटलं साधारण गेल्या वर्षीइतकेच, आणि साहेब, तुमचे किती येणार? दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, वरिष्ठांना विचारून कळवतो.

ऐरोलीची_ताई:
कळवलं का? आम्ही सात-आठ जणी येतोय ऐरोलीहून, रिक्षा स्टँडपाशी भेटू का थेट कोर्टनाक्याला?

तलावपाळी_कट्टा:
थेट कोर्टनाका, साडेआठला. आणि नाही, अजून कळवलेलं नाही.